हळदणकरांची ओहोटी

हे कुणाला सांगायचं नाही असं मला बजावलं होतं, पण आमच्या शेजारचे दत्तारामकाका हळदणकर शिमग्यापासून कमी होत चालले होते.

आजारी नव्हते. ताप नव्हता, खोकला नव्हता, भूकही होती तशीच होती. फक्त ते स्वतः सगळीकडून सारखे कमी होत होते. एसटी स्टँडवर ते नियंत्रक होते. खिडकीमागे बसून गाड्यांची नावं पुकारायचे. आधी प्रवाशांना त्यांचा सदरा दिसायचा, मग हनुवटी, मग नुसतं कपाळ. घरी मात्र आधी चपला मोठ्या झाल्या. यमुकाकूने, म्हणजे त्यांच्या बायकोने, चपला सैल पडल्या असं समजून त्या चांभाराकडे नेल्या. चांभाराने चपला उलटसुलट करून पाहिल्या आणि सांगितलं, "वहिनी, चप्पल आहे तेवढीच आहे. तुम्ही पाय बघा."

यमुकाकूने पाय बघितले आणि दुसऱ्या दिवशी ती बायोआत्याला घेऊन आली. बायोआत्या ही काकांची थोरली बहीण. ती पलीकडच्या आळीत राहते, आणि घरातल्या कुठल्याही गोष्टीत तिला बोलावलं नाही तर ती आपणहून येते.

"रोडावलाय," आत्या काकांभोवती फिरून म्हणाली. "यमू, तू अख्ख्या गावाला जेवू घालतेस आणि माझ्या भावाला काय घालतेस?"

"वन्सं, सकाळी चार घावणे खाल्लेत त्यांनी."

"पाच," काका खुर्चीतून म्हणाले. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. "आणि रोडावलेला माणूस आडवा कमी होतो, ताई. मी उभाही कमी झालोय."

हे खरं होतं, हे आत्यालाही पटलं. मग तिनेच सांगितलं की आता घट विभागात जायला हवं.

बाहेरच्या कुणाला हे माहीत नसेल म्हणून सांगते. इतर गावांत एखादी गोष्ट आधी कमी होते आणि मग लोक तिला काहीतरी शब्द लावतात. ताप उतरला, गर्दी ओसरली, दूध आटलं, असं. आमच्या वेळशीत शब्द आधी लावावा लागतो. एकदा शब्द लागला की ती गोष्ट त्या शब्दाप्रमाणे वागते. शब्द लावलाच नाही, तर ती नुसती कमी होत राहते, आणि नुसत्या कमीला तळ नसतो. बाजारामागे पूर्वी तळं होतं. ते आटतंय म्हणायचं की ओसरतंय, यावर नगरसेवकांचं एकमत होईना. तोवर तळं गेलं, तळ्याचा घाट गेला, घाटाकडे जाणारा रस्ताही गेला. आता तिथे दोन दुकानांच्या मधे एक फट आहे. लोक ती ओलांडून जातात.

घट विभाग नगरपरिषदेच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या अधिकारी सावर्डेकरबाई या शांत बाई आहेत. त्यांच्या टेबलावर कागद नसतात.

"बसा," त्या म्हणाल्या. "कोण कमी होतंय?"

"मी," दत्तारामकाका टेबलाच्या पलीकडून, पण खालून म्हणाले.

"वर घ्या त्यांना. कमी होणारा माणूस दिसला पाहिजे."

यमुकाकूने काकांना उचलून टेबलावर बसवलं. त्यांनी आपला सदरा सारखा केला आणि बाईंना नमस्कार केला.

"घाई करू नका," बाई म्हणाल्या. "इथे आम्ही लिहून घेत नाही. लिहिलेला शब्द खोडता येतो. रक्ताच्या नात्यातल्या माणसाने इथे ठामपणे जो पहिला शब्द उच्चारला, तो लागू. म्हणून आधी सगळं ऐकून घ्या."

"आणि बायकोने उच्चारलेला?" यमुकाकूने विचारलं.

"बायकोचा शब्द ऐकून घेतला जातो."

"घरीही तसंच आहे," काका म्हणाले.

सावर्डेकरबाईंनी एकेक शब्द समजावून दिला. देवरुखकर वकिलांच्या घरच्यांनी आटणे घेतलं होतं. वकील लहान झाले, पण वजन होतं तेवढंच राहिलं. आधी खाट मोडली, मग फरशी खचली. आता ते तळघरात असतात. स्वभाव गोड झालाय, फक्त मुंग्या फार लागतात. जोशांच्या थोरल्या जावेला विरणे मिळालं. ती जुन्या लुगड्यासारखी आरपार दिसते, टीव्हीसमोर बसली तरी कुणाची अडचण होत नाही. विरघळणे बाई कुणाला देत नाहीत. आंघोळीचा प्रश्न येतो.

"परत येता येईल असं काही नाही का?" यमुकाकूने विचारलं.

"मावळणे आहे. लेलेमास्तरांना तेच दिलंय. दिवेलागणीला जातात, सकाळी सूर्याबरोबर येतात. चांगला शब्द आहे. त्यांच्या घरून आजवर तक्रार नाही."

यमुकाकूने लगेच हो म्हटलं नाही. तिची खानावळ आहे. बँकेतली माणसं, दोन-तीन मास्तर, एक कंपाउंडर असे लोक जेवायला येतात. दिवसभर ती आणि काका एकमेकांना धड दिसतही नाहीत. रात्रीचं शेवटचं ताट उठलं की दोघं स्वयंपाकघरात पाट मांडतात, आणि काका जेवता जेवता त्या दिवशीच्या सगळ्या गाड्या सांगतात. चिपळूणची कशी पंक्चर झाली, लांज्याच्या गाडीत कुणाची कोंबडी सुटली, कुठला ड्रायव्हर कुणावर रुसला. यमुकाकू उभ्या जन्मात कोल्हापूरच्या पुढे गेलेली नाही, पण तिला सगळ्या गाड्या माहीत आहेत. संध्याकाळी मावळणारा नवरा सकाळी परत मिळाला, तर त्या नवऱ्याचा नेमका तिचा भागच गेला असता.

"संध्याकाळीच जावं लागतं?" तिने विचारलं.

"सकाळी मावळलेलं मी तरी ऐकलं नाही, बाई."

यमुकाकू विचार करत होती. बायोआत्याला दुसरं कुणी विचार करत असलेलं सोसत नाही.

"कसलं मावळणं नि फिवळणं!" ती म्हणाली. "अहो बाई, माझा भाऊ काय उनाड आहे संध्याकाळचा गायब व्हायला? वडील गेले तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं त्याला. दोन बहिणींची लग्नं केली त्याने. झिजलाय हो तो आमच्यासाठी, झिजलाय!"

खोलीत वरचा पंखा फिरत होता.

"झिजणे," सावर्डेकरबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. "मानाचा शब्द आहे. अभिनंदन."

बाहेर जिन्यावर काकांच्या अंगाला चंदनाचा मंद वास यायला लागला.

झिजणे खरोखरच मानाचा शब्द आहे. आमच्या गावात तो सहसा माणूस गेल्यावर, शोकसभेत मिळतो. जिवंतपणी मिळाला म्हणून डेपोने काकांचा सत्कार ठेवला. पण झिजणारी वस्तू आपोआप कमी होत नाही. ती हात लागला की कमी होते. देवळाची पायरी जशी पायांनी कमी होते, तशी. सत्काराला आलेल्या प्रत्येकाने काकांचा हात हातात घेतला, कौतुकाने पाठ थोपटली. डेपो मॅनेजरनी शाल पांघरली आणि ती घसरू नये म्हणून दोन्ही खांद्यांवरून चांगली दाबून घासली. काका सत्काराला गेले तेव्हा टेबलाएवढे होते. परत आले ते यमुकाकूच्या पिशवीत, नारळाशेजारी बसून.

"कसा झाला?" यमुकाकूने घरी आल्यावर त्यांना विचारलं. ती शेवटच्या रांगेत होती, तिला काही दिसलं नव्हतं.

"फार प्रेम आहे लोकांचं," काका म्हणाले. "अजून दोन भाषणं झाली असती तर मी उरलो नसतो."

तेव्हापासून यमुकाकूने त्यांना हात लावणं बंद केलं. काका पोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर बसायचे. ती त्यांच्यापुढे वाटीत भात ठेवायची आणि मागे सरकून बसायची. पोरासोरांना स्वयंपाकघरात यायला बंदी झाली. पण वाराही लागतो, सदऱ्याचं कापडही लागतं. काकांनी सदरा घालणं सोडलं, यमुकाकूने खिडकी लावून घेतली, तरी ते झिजतच होते. वैशाखाची हवा, घाम आला तर पुसायचीही चोरी.

आवाजही झिजला. आधी त्यांच्या गोष्टींतल्या कोंबड्या गेल्या, मग ड्रायव्हरांची नावं गेली. मग नुसत्या गाड्या उरल्या. शेवटी एके रात्री यमुकाकूने विचारलं, "आज काय झालं स्टँडवर?" तर डब्याच्या झाकणावरून फक्त एवढंच ऐकू आलं, "आली. गेली."

यमुकाकूने भाताची वाटी उचलली नाही.

बायोआत्या सकाळी आली ती उंबऱ्यातच थांबली. "मी चांगलंच बोलले होते गं," ती म्हणाली.

"चांगलंच बोललात, वन्सं," यमुकाकू म्हणाली. "म्हणून तर लागलं."

त्या दिवशी खानावळीत आमटी-भातावर भागवून यमुकाकू एकटीच घट विभागात गेली.

"शब्द बदलता येत नाही," सावर्डेकरबाईंनी सांगितलं. "उसना आणता येतो. काही कमी होणी अशी असतात की ती काही लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली असतात. ते स्वतः देतील तर आमची हरकत नसते. सोनारांकडेही एक आहे, पण तिकडे जाऊ नका. सोनाराकडे दिलेली वस्तू कमी होते हे खरं, पण ती परत आल्याचं माझ्या ऐकिवात नाही."

"मला परत येणारंच हवंय."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. तिथून खाडी दिसते. "कोळीवाड्यात आहे एक," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी ते आजवर कुणाला दिलेलं नाही. मी तुम्हाला सांगितलं असंही म्हणू नका."

कोळीवाड्यातली चंद्राबाई यमुकाकूच्या खानावळीला मासळी देते. दोघींची ओळख रोज भांडून झालेली आहे. यमुकाकू पोचली तेव्हा चंद्राबाई वाळूवर सुकट पसरत होती.

"काय गो यमू, एवढ्या उन्हाची? कालचा बांगडा ताजाच होता, मी आधीच सांगते."

"बांगड्याचं नाही. मला ओहोटी हवी."

चंद्राबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलली नाही, आणि ही गोष्ट एरवी होत नाही.

"ओहोटी आमची न्हाय," शेवटी ती म्हणाली. "दर्याची हाय. आम्ही राखतो फक्त. आणि एकटी ओहोटी कुणाला मिळत न्हाय. भरती पण घ्यावी लागंल."

"घेईन."

"नीट ऐक. दिसातून दोनदा तुझा घोव जाईल आणि दोनदा येईल. वेळ रोज पुढं सरकंल, तुझ्या जेवणाच्या वेळेवर येणार न्हाय. अष्टमीला भांग असतो, तवा पाणी धड चढत न्हाय, धड उतरत न्हाय. तवा तो साधा माणूस असंल. काय लग्नंकार्यं असतील ती तवा उरकून घे. आणि अमावस्या-पुनवेला उधाण. तवा भरतीला घरात मावायचा न्हाय."

"आणि उधाणाच्या ओहोटीला?"

"तवा दिसायचा न्हाय."

यमुकाकूने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"अजिबात न्हाय दिसायचा. तवा हाका मारायच्या न्हाईत, शोधायचं न्हाय. ओहोटीच्या मागं जो धावतो तो चिखलात रुततो. आणि यमू, त्या वेळेला घरात कुणी दुसरा शब्द बोलायचा न्हाय. गेला म्हणायचं न्हाय, सरला म्हणायचं न्हाय, संपला तर न्हायच न्हाय. जो शब्द कानावर पडंल त्याचाच तो होईल. चालंल?"

"आमच्याकडे वन्सं असतात," यमुकाकू म्हणाली.

"तुझ्या नणंदेला मी वळखते," चंद्राबाई म्हणाली. "म्हणून तर इचारते."

दोघी पाण्याच्या कडेला गेल्या. पाणी उतरत होतं. चंद्राबाईने यमुकाकूच्या कानात शब्द सांगितला आणि बजावलं, की घरी पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही, नाहीतर शब्द वाटेत सांडेल. "आणि मी दिला असं कुणाला सांगू नको. उद्या गावातले सगळे टकले दारात येऊन हुबे राहतील."

यमुकाकू तोंड मिटून निघाली. वाटेत बँकेचे करमरकर भेटले आणि रात्रीच्या जेवणाला काय आहे ते विचारू लागले. यमुकाकूने हाताने मासा पोहून दाखवला. "सुरमई?" तिने मान हलवली. "पापलेट?" तिने पुन्हा मान हलवली. करमरकर तिच्याबरोबर चौकापर्यंत मासे सांगत आले. शेवटी तिने त्यांच्यापुढे हात जोडले. तेव्हा त्यांचा समज झाला की आज वांगं आहे, आणि ते खिन्न होऊन निघून गेले.

घरी आल्यावर तिने पोळ्यांच्या डब्यापाशी बसून, वाकून, हलकेच सांगितलं, "ओहोटी." आणि पुढचा श्वास घ्यायच्या आत, "आणि भरती."

आधी काहीच झालं नाही. मग चंदनाचा वास गेला आणि खारा वास आला. संध्याकाळपर्यंत काका डब्यावरून उतरून पाटावर बसले होते. दिवे लागले तेव्हा ते यमुकाकूच्या खांद्याशी आले होते. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"लाव गं," काका म्हणाले. "पाणी काय हात लावून झिजतं?"

तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. बायोआत्या तेवढ्यात लोणच्याची बरणी घेऊन आली होती, ती काही न बोलता बरणी उंबऱ्यावर ठेवून परत गेली.

ही गोष्ट पौर्णिमेनंतरची. मग सगळं रुळावर आलं. डेपोने काकांची ड्यूटी भरती बघून लावली. पाणी उतरायला लागलं की खिडकीतल्या खुर्चीवर आधी एक उशी येते, मग दुसरी. प्रवासीही सरावले. काही रात्री जेवणाला काका पूर्ण असतात, तेव्हा कोंबड्यांसकट सगळ्या गाड्या येतात. काही रात्री डब्याच्या झाकणावर असतात, तेव्हा "आली, गेली" एवढंच. यमुकाकू दोन्ही रात्री शेवटपर्यंत ऐकते. अष्टमीला दोघं करमरकरांच्या पुतण्याच्या लग्नाला जाऊन आली. तिथे कुणाला काही वेगळं वाटलं नाही, उलट काकांची तब्येत सुधारली असंच सगळे म्हणाले.

आज अमावस्या आहे. शब्द घेतल्यापासूनचं हे पहिलं उधाण.

दुपारी भरतीला काका खरोखर घरात मावले नाहीत. डोकं आढ्याला लागलं म्हणून ते मान वाकडी करून बसले होते, आणि त्यांचा एक पाय पडवीत होता. खानावळीच्या लोकांनी त्या पायाला वळसा घालून अंगणात पंगत मांडली. काकांनी चार माणसांचा भात खाल्ला आणि अशा आवाजात चिपळूणची गाडी सांगितली की शेजारच्या आळीतली दोन माणसं पिशव्या घेऊन धावत आली. मग पाणी उतरायला लागलं. यमुकाकूने रात्रीची खानावळ बंद ठेवली. काका पाटावर बसले. पाटाएवढे झाले, वाटीएवढे झाले, आवळ्याएवढे झाले. यमुकाकू समोरच होती. "पान वाढून ठेव," असं काहीसं ते म्हणाले. मग पाटावर फक्त पाट राहिला.

मला यमुकाकूने सोबतीला बोलावलं होतं. मी फारशी बोलत नाही, म्हणून. बायोआत्याला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती आली. आली ती पदराचा बोळा दातांत धरून भिंतीशी बसली. यमुकाकूने पान वाढलं. भात, आमटी, कडेला लोणचं. करमरकरांनी दाराशी येऊन विचारलं, "दत्तारामपंत नाहीत का?" आत्याचा पदर दातांतून निसटला. तिने तोंड उघडलं. यमुकाकूने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत्याने पदर उचलून पुन्हा तोंडात कोंबला आणि डोळे घट्ट मिटले.

"ओहोटीला आहेत," यमुकाकू म्हणाली.

"बरं बरं. मग बसतो थोडा वेळ," म्हणून करमरकर पडवीत बाकावर बसले.

त्यालाही आता वेळ झाला. खाडीकडून पाणी फिरल्याचा आवाज येतोय. मी मागच्या पायरीवर बसून हे लिहिते आहे, इथून पाट नीट दिसतो. पाटावर अजून काही नाही. भाताची वाफ गेली, आमटीवर साय धरली, तरी यमुकाकू हलली नाही की तिने हाक मारली नाही. ती नुसती पानाकडे बघते आहे. मीही बघते आहे. आत्ता, अगदी आत्ता, भाताच्या कडेचं एक शीत हललं. वाऱ्याने असेल. पण वारा तर केव्हाच पडलाय, आणि आता दुसरं शीत, आणि यमुकाकूने पुढे वाकून

"अगं मनू, लिहीत काय बसलीस? भाताचं पातेलं आण आधी! आणि करमरकरांना म्हणावं, बाक घेऊन अंगणात व्हा, यांचे पाय यायचेत अजून!"

हो, आले. फक्त एवढंच लिहायचं राहिलं की यमुकाकूने मघाशी वाकून त्या पानाजवळ हलकेच म्हटलं, "भरती."